रक्त विचारत फिरणारा डॉक्टर

डॉक्टर मक्की कुणालाही भेटले की आधी त्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे बघतात, मग सलाम करतात. लग्न असो, मयत असो, भाजीचं दुकान असो. ते काविळीची पिवळी झाक शोधत असतात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कुणाला ते आवडत नाही. मी एकदा तोंडावर म्हटलं होतं, "डॉक्टर, माझ्या डोळ्यांत सुरमा आहे, बाकी काही नाही." ते हसले नाहीत. म्हणाले, "उजवा डोळा लाल दिसतोय. झोप होत नाही का?"

अशा माणसावर विश्वास ठेवायचा म्हणजे कठीणच.

आमचं गाव बहरीनच्या उत्तर किनाऱ्यावर आहे आणि गावाला दोनच गोष्टींचं वेड, हँडबॉल आणि सोयरिकी. मक्की या दोन्हींच्या मधोमध जन्माला आले. त्यांची आई, उम्म मक्की, म्हणजे मक्कीची आई (आमच्याकडे बाईला मुलाच्या नावानंच हाक मारतात), अर्ध्या गावाची लग्नं जुळवून बसलेली बाई. आणि मक्की स्वतः सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण. लहानपणी दुखण्याचा झटका आला की त्यांचं ओरडणं दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचं, असं माझी सासू सांगायची. सगळी पोरं हँडबॉल खेळायची तेव्हा हा मैदानाच्या कडेला पाण्याची भांडी सांभाळत बसायचा. पुढे डॉक्टर झाला, आरोग्य केंद्रात बसू लागला, लग्न केलं नाही. अजूनही वर्षातून एकदोनदा ते इस्पितळात दाखल होतात आणि बरे झाले की त्याच वॉर्डात दुसऱ्यांना तपासतात.

आमच्याकडे रक्ताबद्दल दोन शब्द लहान पोरालाही येतात, रुग्ण आणि वाहक. रुग्ण कोण ते लपत नाही. वाहकाचं वेगळं. त्याला काही होत नाही, तो खातो, पितो, खेळतो. फक्त त्यानं दुसऱ्या वाहकाशी लग्न करायचं नाही, नाहीतर मुलं रुग्ण निघण्याची भीती. म्हणून लग्नाआधी सरकारी तपासणी सक्तीची आहे आणि शाळेतही रक्त तपासतात. वाहक असणं हा आजार नव्हे, हे दवाखान्यातल्या बाईंनीच आम्हा आयांना बसवून समजावलं होतं. आम्ही ते इतकं घट्ट धरलं की वाहक म्हटलं की आम्हाला फक्त लग्नच आठवतं. घरात कोण वाहक आहे हे आम्ही सोयरीक बैठकीपर्यंत आली की सांगतो, तेही हळू आवाजात. त्याआधी सख्ख्या बहिणीलाही नाही.

माझा मैसम वाहक आहे. मीही आहे. माझी मुलगी बतूल मात्र नाही, आणि तिचं शेजारच्या गावात बोलणं चाललं होतं. मुलगा वाहक होता, त्यांनी ते पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं. बतूलचं रक्त स्वच्छ, त्यामुळे अडचण काही नव्हती. पण त्या मुलाची एक मावशी आहे. तिला आमचं कळलं, तर भाऊ वाहक, आई वाहक, मग प्रयोगशाळेची चूक कशावरून झाली नसेल, असं बोलून ती जुळत आलेलं लग्न मोडू शकते. तसं तिनं आधी एकदा केलेलं आहे.

त्या उन्हाळ्यात मैसमला क्लबच्या मोठ्या संघात घेतलं आणि त्याच महिन्यात क्लबनं मक्कींना संघाचा डॉक्टर नेमलं. त्यांनी पहिलं काम काय केलं? प्रत्येक पोराला बाजूला घेऊन विचारलं, "तुझं रक्त काय? वाहक आहेस का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या उम्म रझाच्या स्वयंपाकघरात जमलो. उम्म रझा माझी शेजारीण, तिचा रझा संघाचा गोलरक्षक. भाकरीचं पीठ तसंच पडून राहिलं.

"आता कळलं ना?" ती म्हणाली. "आईला घरोघरी फिरून गुडघे दुखायला लागले, म्हणून लेकाला कामाला लावलंय. एका झटक्यात गावातल्या सगळ्या उपवर पोरांचं रक्त हातात!"

"काहीतरीच," मी म्हटलं.

"काहीतरीच कसं? तुझ्या मैसमला नाही विचारलं?"

"विचारलं."

"मग काय सांगितलं त्यानं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "त्यानं सांगितलं की आईला विचारा."

"शहाणा पोरगा," उम्म रझा म्हणाली. पण ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

कोपऱ्यातून एक म्हातारी बोलली, "सोयरिकीचं राहू द्या. त्याला स्वतःला कधी खेळायला मिळालं नाही ना, तोच राग काढतोय. आता हा एकेकाला घरी बसवणार, बघा."

हे मला जास्त पटलं. आणि जास्त लागलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "डॉक्टर आहे तो. विचारणारच."

"आणि उद्या मावशीबाईंच्या कानावर गेलं तर?"

"तू सांगू नकोस म्हणजे जाणार नाही."

"मी? मी सांगेन?"

"मी म्हटलं का तू सांगशील? आता चहा देतेस की तोही लपवून ठेवलायस?"

शेवटी मी एकटीच आरोग्य केंद्रात गेले. मक्कींनी माझे डोळे बघितले, मग बसायला सांगितलं.

"डॉक्टर, मी विज्ञान शिकलेली आहे," मी सुरुवातच तशी केली. "वाहकाला काही होत नाही हे तुमच्याच लोकांनी आम्हाला शिकवलं. मग खेळाशी त्याचा संबंध काय?"

"रोजच्या आयुष्यात होत नाही," ते म्हणाले. "पण ऑगस्टमध्ये, या दमट हवेत, नवा प्रशिक्षक पोरांना वाळूत जीव तोडून पळवणार. न थांबता पळताना क्वचित एखाद्या वाहकाचं रक्त उलटतं. स्नायूंना रक्त पुरत नाही. पोरगा खाली बसतो, आणि कुणी जबरदस्तीनं उठवून पळवलं तर मरूही शकतो."

"कधी पाहिलंय तुम्ही?"

"वाचलंय. पाहायचं नाहीये."

"म्हणजे वाहकांना खेळू देणार नाही."

"देणार. सगळ्यांना. खेळ बंद करायचं कारणच नाही. हळूहळू दम वाढवायचा, मध्ये थांबायचं, पाणी प्यायचं, आणि पाय जड झाले की त्याच क्षणी बसायचं. पण कोण ते मला ठाऊक हवं. ज्याचं रक्त मला ठाऊक नाही, तो वाळूत पळणार नाही."

"आणि तुमच्या आईंना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या आईला अजून माझा पगारही ठाऊक नाही, उम्म मैसम."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. मी अट घातली. प्रशिक्षकाला नाही, क्लबच्या अध्यक्षांना नाही, कुणालाच सांगायचं नाही. ते म्हणाले, "बाकीच्या आयाही हेच सांगून गेल्या." म्हणजे मी पहिली नव्हते! आणखी कोण कोण येतंय, ते मी दाराबाहेर तोंड झाकून बसलेल्या बायकांच्या चपला बघून ओळखायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

मी त्यांना सांगितलं. वाहक आहे म्हणून. उठताना विचारलं, "पाय जड होतात म्हणजे नेमकं कसं दिसतं?"

"दमलेला पोरगा वाकतो, गुडघ्यांवर हात ठेवतो, बोलू शकत नाही. हा बोलतो. अगदी नीट बोलतो. फक्त पाय ऐकत नाहीत. पेटका आलेला दिसत नाही, स्नायू मऊच असतात. म्हणून लोकांना वाटतं आळस करतोय."

आता अडचण वेगळीच उभी राहिली. आमच्याकडे संघ समुद्रकाठी पळतो तेव्हा अर्धं गाव भिंतीवर बसून बिया फोडत बघत असतं. समजा तीनच पोरांना विश्रांती दिली, की ती तीन पोरं कोण ते संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत प्रत्येक घरात पोचणार. मक्कींनी त्यावर वाट काढली. विश्रांती सगळ्यांना. शिट्टी वाजली की सगळ्यांनी वाळूत बसायचं, पाणी प्यायचं, मग उठायचं. प्रशिक्षक लुत्फी ट्युनिशियाचा. त्याच्या देशात हँडबॉल म्हणजे धर्म. तो म्हणाला, "डॉक्टर, हा संघ आहे की सहलीला आलेली शाळा?" भिंतीवरची म्हातारी मंडळीही ओरडायची, "अरे, गाद्या पण आणा पोरांना!" मक्की कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शिट्टी वाजवायचे आणि कुणाला उत्तर द्यायचे नाहीत.

मी रोज जायचे. म्हणायला चालायला जाते असं. खरं तर मी मक्कींवर नजर ठेवायला जायचे. ते कुणाकडे जास्त बघतात, कुणाला आधी पाणी देतात, त्यावरून भिंतीवरच्या बायका काय ओळखतील, याची धास्ती. एकदा त्यांनी मैसमच्या खांद्यावर हात ठेवला तर मला घाम फुटला. घरी येऊन मैसमला विचारलं, "काय म्हणाले तुला?"

"म्हणाले, बूट मोठे आहेत."

"एवढंच?"

"यम्मा, तू मला विचारतेयस की पोलिसात आहेस?"

मग एक दिवस खुर्ची रिकामी दिसली.

भिंतीवर बातमी माझ्याआधी पोचली होती. मक्की आले नाहीत, फोनही घेत नाहीत. उम्म रझा म्हणाली, "पळाला. अध्यक्षांनी झापलं असेल." दुसरी म्हणाली, "आईनं कुठे पोरगी बघायला पाठवलं असेल." लुत्फीचा चेहरा मात्र खुलला होता. संघ किती मागे पडलाय हे तो दोन आठवडे सगळ्यांना सांगत होता. त्यानं शिट्टी स्वतःच्या गळ्यात घातली आणि ती फक्त पळवायला वाजवली.

हवा हलत नव्हती. समुद्र ताटातल्या तेलासारखा पडलेला. पोरं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, पुन्हा उलट, पुन्हा. कुणी बसलं नाही. मैसम आधी पुढे होता, मग मधे, मग शेवटी. मी उठून उभी राहिले.

"बस गं," उम्म रझानं माझा पायघोळ अबाया ओढला. "तरुण पोर आहे, दमणारच."

मैसम थांबला. वाकला नाही. सरळ उभा राहून त्यानं लुत्फीला काहीतरी सांगितलं, अगदी नीट, हात हलवून. मग जणू कुणी मागून खुर्ची सरकवावी तसा वाळूत बसला. लुत्फी जवळ गेला आणि ओरडला, "ऊठ! बोलायला दम आहे, पळायला नाही?" दोन पोरांनी त्याला काखेत धरून उभं केलं.

तेव्हा मला भिंत कशी उतरले ते आठवत नाही. चप्पल वाळूत राहिली. मी ओरडत होते, "सोडा त्याला! खाली ठेवा! तो वाहक आहे! वाहक आहे माझा मुलगा!"

भिंतीवरच्या सगळ्या माणसांसमोर. उम्म मक्कीही तिथेच होती, मला दिसली.

लुत्फीला वाहक म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "कसला वाहक? काय वाहतो?" पण रझा धावत आला, त्यानं मैसमला आडवं केलं, पाय वर धरले, त्याच्यावर पाणी ओतलं. मैसम माझ्याकडे बघत म्हणाला, "यम्मा, काही नाही झालं. फक्त पाय माझे नाहीत." एवढ्या शांत आवाजात. त्या आवाजाचीच मला भीती वाटली.

इस्पितळात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर म्हणत होता, उन्हाचा त्रास आहे, सलाईन देऊ आणि घरी सोडू. मी पुन्हा पुन्हा वाहक, वाहक म्हणत होते आणि तो मान हलवत होता, बाई घाबरलीय म्हणून. इतक्यात दाराशी रुग्णाच्या कपड्यांत मक्की दिसले. हाताला सुई, शेजारी सलाईनचा खांब, तो ढकलत आलेले. कालपासून झटका येऊन ते वरच्या मजल्यावर दाखल होते, आईलाही न कळवता. रझानं त्यांच्या बहिणीला फोन करून शोधून काढलं होतं.

त्यांनी मैसमचे डोळे बघितले. मग त्या तरुण डॉक्टरला हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि सगळं बदललं. प्राणवायू लावला, हृदयाचे ठोके बघायला तारा जोडल्या, रक्त तपासणीला पाठवलं. मैसमची लघवी चहासारखी झाली होती, स्नायू विरघळल्याची ती खूण, हे मला नंतर कळलं. चार दिवस तो तिथे होता.

त्याच्या खाटेशेजारी मक्की खांबाला धरून उभे होते. त्यांना उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, "बसा." बसले. मग म्हणाले, "चूक माझी झाली. तुम्ही सगळ्यांनी शपथ घातली आणि मी ती पाळली. एकट्यानं. मी आजारी पडलो की हे ठाऊक असणारं मैदानावर कुणीच नव्हतं. मी आजारी पडतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं."

अट मीच घातली होती, पण दोष त्यांनी मला दिला नाही. का दिला नाही, याचाही मी विचार करत राहिले.

गावात पुढचे काही दिवस काय झालं असेल ते सांगायची गरज नाही. मावशीबाईंना सगळं कळलं. बतूल म्हणाली, "मोडायचं असेल तर मोडू दे, यम्मा," आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. तिसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. मी फोन कानाला लावून खुर्चीत बसले. तिनं मैसमची चौकशी केली, औषधं विचारली, दुवा केली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "उम्म मैसम, एक विचारू? आधी पाय जातात की आधी श्वास? आमचाही तर वाहक आहे ना. शुक्रवारी फुटबॉल खेळतो."

मी तिला सांगितलं, आधी पाय. आणि बोलत राहतो, त्यावर जाऊ नका. लग्नाचं तिनं काही काढलं नाही, मीही नाही. पण त्यानंतर ती दर शुक्रवारी फोन करते.

दुसऱ्या बायका मागच्या दारानं आल्या. कुणी नणंदेच्या मुलासाठी विचारत होतं, कुणी ओळखीतल्या कुणासाठी. उम्म रझाही आली. ती कुणासाठी विचारते ते बोलली नाही. मीही विचारलं नाही.

हंगामाचा पहिला सामना आमचा शेजारच्या क्लबशी असतो आणि तो हरला तर गावात वर्षभर तोंड दाखवता येत नाही. मैसमचे रक्ताचे आकडे चांगले येत होते. तो घरात भिंतीवर चेंडू आपटत होता. मक्कींनी त्याला हलका सराव करायला परवानगी दिली आणि लुत्फीला आता सगळ्या नावांसकट सगळं समजावून सांगितलं, प्रत्येक आईला विचारून. मला आनंद झाला. मग कळलं की सामन्याला मात्र मैसम नाही. त्याच्या जागी डाव्या बाजूला खेळणार अली. हा अली म्हणजे मक्कींच्या बहिणीचा मुलगा.

मी चप्पल घालून तडक क्लबात गेले.

"डॉक्टर, पळू शकतो तर खेळू का शकत नाही?"

"अजून एक आकडा खाली यायचाय. दोन आठवडे."

"तोवर अली खेळणार."

"खेळणार."

"तुमचा भाचा."

"माझाच," ते म्हणाले. "आणि तो चांगला खेळत नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. लुत्फी रोज शिव्या घालतो मला."

"मग?"

"मग हरू."

महिन्याभरापूर्वी मी याच माणसाकडे जाऊन माझ्या मुलाला घरी बसवू नका म्हणून भांडले होते. मग मुलगा वाळूत पडला. आता मी पुन्हा तिथेच, तेच भांडत होते. हे मला बोलता बोलता कळलं, पण मी माघार घेतली नाही. म्हटलं, "बघू."

सामन्याच्या दिवशी मी पहिल्यांदा बायकांच्या बाकांवर अगदी खाली बसले. मैसम गणवेश घालून राखीव खेळाडूंत होता. लुत्फीनं मुद्दाम त्याला गणवेश दिला होता, हे मला लगेच समजलं. अलीनं दोन चेंडू सरळ गोलरक्षकाच्या पोटात मारले. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे मामाला विचार, चेंडू कुठे फेकायचा!" शेवटची काही मिनिटं राहिली आणि आम्ही एका गोलनं मागे होतो. लुत्फी राखीव खेळाडूंकडे वळला आणि त्यानं मैसमला बोटानं खूण केली. ऊठ.

मैसम उठला. त्यानं मक्कींकडे बघितलं. मक्की खुर्चीत तसेच बसून राहिले, ना हो म्हणाले, ना नाही. त्यांनी फक्त लुत्फीकडे बघितलं, आणि लुत्फीनं नजर चुकवली. मग मैसमनं मान वर करून मला शोधलं.

इतक्या लोकांत तो मला एका नजरेत शोधून काढतो, लहानपणापासून. त्याचे डोळे काय मागत होते ते मला कळत होतं. शेजारी उम्म रझानं माझा हात घट्ट धरला, पण जा म्हणायला की थांब म्हणायला, ते मला आजही ठाऊक नाही.

मी मान हलवली. नाही.

तो खाली बसला. आम्ही हरलो.

त्या दिवसापासून मैसम माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढलं की जेवतो, ताट उचलतो, खोलीत जातो. डॉक्टर मक्कींशी मात्र बोलतो. संध्याकाळी दोघं समुद्रकाठच्या भिंतीवर बसलेले दिसतात. मैसम हात हलवून काहीतरी सांगत असतो आणि मक्की मान डोलावत असतात. काय बोलतात ते मी मैसमला विचारू शकत नाही. मक्कींना विचारलं तर ते सांगणार नाहीत.